रत्नागिरीत घशाची 'रिस्क स्क्रीनिंग' केली: पॅकेजला दोन स्टार, डॉक्टरांना पाच

आधीच सांगतो, मी तंबाखू खात नाही, सिगरेट कॉलेजात दोनदा ओढली तेवढीच, त्यामुळे घशाचा कॅन्सर आपल्याला कशाला होतोय असंच धरून चाललेलो. आमच्याकडे कोणाचं घशाचं काही निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, मावा खायचा काय? बाई असेल तर मिश्री लावायची काय? पण गेल्या वर्षी चुलतभावाला दाढी करताना मानेत गाठ लागली, दुखत नाही, खुपत नाही, आणि हा माणूस सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. मुंबईला बायोप्सी केली तर टॉन्सिलचा कॅन्सर, रिपोर्टमध्ये गाठीच्या पेशीतलं पी१६ नावाचं प्रोटीन पॉझिटिव्ह. म्हणजे एचपीव्ही व्हायरसवाला. गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर करतो तोच हा. आता माझ्या बायकोची सहा वर्षांपूर्वी तिथलीच कॅन्सरच्या आधीची स्टेज काढून टाकलेली, आणि अशा बायकांच्या नवऱ्यांना टॉन्सिलच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो असं वाचलं आणि झोप गेली.

त्यात मोबाईलवर जाहिरात आली. गुळणीची टेस्ट अधिक कान-नाक-घसा डॉक्टर, सगळं मिळून ३८०० रुपये. लॅबचं नाव घेत नाही, रत्नागिरी केवढीशी.

फॉर्म भरायचा होता, सगळा इंग्लिशमध्ये. मी दोन रकाने रिकामे सोडले तर काउंटरवरची मुलगी तिथूनच ओरडून विचारते, "काका, पार्टनर किती ते नाही लिहिलंत, आणि ओरल करता का तेपण!" वेटिंगमध्ये पाच-सहा माणसं, त्यात आमच्या वाडीतल्या काकी शुगर तपासायला आलेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रश्न चुकीचा नाही हो, हा व्हायरस तोंडात जातो तो मुख्यतः ओरल सेक्समधूनच, डॉक्टरांना ते माहीत पाहिजेच, पण एक छोटी खोली नाही तुमच्याकडे विचारायला? काकी संध्याकाळी घरी हजर, "काय रे, बरा आहेस ना?" एक स्टार इथेच कापला.

गुळणीची टेस्ट म्हणजे तोंडात पाणी घेऊन अर्धा मिनिट खळखळ करायची आणि डबीत थुंकायचं, झालं. आठवड्याने मेलवर रिपोर्ट, एचपीव्ही १६, म्हणजे त्या व्हायरसचा १६ नंबरचा प्रकार, निगेटिव्ह. मी खूश. पेढे आणायचे बाकी होते.

खरी मजा डॉक्टरांकडे. रिपोर्ट त्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले हा पॉझिटिव्ह आला असता तरी मी तुम्हाला वेगळं काही करायला सांगितलं नसतं, कारण तोंडातला व्हायरस बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि निगेटिव्ह आहे म्हणून घशात काही नाहीच असंही नाही. मग बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची पॅप टेस्ट चालते ती कशी, मी विचारलं. तर तिथे कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी बिघडलेल्या पेशी खरवडून मिळतात, दिसतात, काढता येतात. आपल्याच बार्शी-उस्मानाबादकडच्या गावांत सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. घशात हा कॅन्सर सुरू होतो टॉन्सिलच्या खोल खाचांत नाहीतर जिभेच्या पार मुळाशी, आणि तिथली कॅन्सरच्या आधीची अशी स्टेज अजून कोणाला पकडताच आलेली नाही. रक्तात व्हायरसच्या ई६ प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी काही लोकांत दहा-दहा वर्षं आधी सापडतात, पण ते अजून रिसर्चमध्ये. म्हणजे धडधाकट माणसासाठी मान्य अशी टेस्टच नाही, आणि मी पैसे देऊन तीच घेऊन आलेलो.

तपासलं मात्र मनापासून. नाकात बधिर करायचा स्प्रे, मग बारीक वायरीसारखी दुर्बीण नाकातून घशात, डोळ्यातून घळाघळा पाणी. मग ग्लोव्ह घालून टॉन्सिल आणि जिभेचं मूळ बोटाने दाबून बघितलं, उलटीच होणार होती. मान दोन्ही बाजूंनी चाचपली. वीस मिनिटं तरी दिली. आणि सांगितलं, मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा, एकाच कानात ठणका, गिळताना अडकणं, आवाज बसणं, यातलं काहीही दोन-तीन आठवडे राहिलं तर गुळण्या करत घरी बसू नका, सरळ या.

माझ्या आईच्या मिश्रीचा विषय निघाला तर म्हणाले त्यांना आणा आधी, आपल्याकडे तोंडा-घशाचे जास्त कॅन्सर तंबाखूचेच आणि तोंडातला नुसत्या टॉर्चने दिसतो. केरळात असं तोंड बघून तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झालेले. आईला आणली. तिने सगळ्या वाटेत "माका काय झाला नाय" लावलेलं, नाही निघालं काही, पण मिश्रीची डबी अजून तिच्या उशाखाली आहे.

तर या पॅकेजमधली गुळणी फुकट, डॉक्टर वसूल. थेट डॉक्टरांकडे गेलो असतो तर निम्म्याहून कमी पैशात झालं असतं. उरलेल्यात पोराच्या लसीला हातभार लागला असता. तीही त्यांनीच सांगितली, घशातला बहुतेक एचपीव्ही कॅन्सर १६ नंबरच्या व्हायरसचा, त्याच्यावरचं संरक्षण पुण्याच्या सीरमच्या सर्व्हावॅक लसीत आहे, आणि ती मुलग्यांनाही चालते, ९ ते १४ वयात दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने. बायको म्हणाली, "अहो, मग मुलीला एकटीला कशाला, दोघांनाही देऊन टाकूया." दोघांचा पहिला मार्चमध्ये झाला. दुसरा नेमका गणपतीत येतोय, चाकरमानी घरात असताना जमवायचं कसं ते बघू.

पार्किंग अजिबात नाही, बाईकवर जा.