ल तोरोने मठ, प्रोव्हॉन्स: फोल्केसाठी तरी जाच

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हॉन्सला जाणार असाल तर लॅव्हेंडरच्या शेतांमधून अर्धा दिवस काढा आणि ल तोरोनेचा सिस्टर्शियन (साधेपणावर भर देणारा ख्रिस्ती साधूंचा पंथ) मठ बघाच. 12व्या शतकातलं बांधकाम, चित्रं नाहीत, रंगीत काचा नाहीत, नुसता दगड आणि त्यावर फिरणारं ऊन.

मी गेलो ते फोल्केसाठी. मार्सेयच्या व्यापारी घरातला हा ट्रूबाडूर, म्हणजे मध्ययुगातला दरबारी कवी-गायक, टूलूज आणि आरागॉनच्या दरबारांत त्याच्या ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा) प्रेमगीतांचं नाव होतं, आणि 1195च्या आसपास या गड्याने सगळं सोडलं, बायको आणि दोन मुलंसुद्धा मठात गेली, तो इथे आला आणि काही वर्षांत इथलाच मठाधिपती झाला. जुन्या चरित्रात कारण दिलंय की आश्रय देणारी माणसं एकेक करून गेली. मला ते पटतं कारण मार्सेयचा सरदार बाराल 1192 ला आणि टूलूजचा काउंट रेमों 1194 ला वारला, म्हणजे गाणं ऐकणारेच उरले नव्हते.

गाइडेड टूर अजिबात चुकवू नका. आमच्या गाइडने चर्चमध्ये उभं राहून एक ओळ गायली आणि अंगावर काटाच आला, सूर संपला तरी कमानीखाली घुमत राहतो, पुढचा सूर घाईत घेतला तर नुसता कालवा होईल म्हणून सावकाश, एकेका सुरावर थांबून गावं लागतं. दरबारात यमकांची करामत करणाऱ्याला इथे रोज असं गावं लागलं असेल! माझ्यासाठी अख्ख्या ट्रिपमधला हा सगळ्यात मोठा क्षण होता.

वरचं शयनगृह आणि अंगणातल्या सहा बाजूंच्या खोलीतलं हातपाय धुवायचं कुंडही छान आहे.

जाण्याआधी फोल्केचं पुढचं आयुष्य जरूर वाचा, कारण ते जड आहे. 1205 मधे तो टूलूजचा बिशप झाला आणि काथार लोकांविरुद्धच्या (चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती पंथ) धर्मयुद्धाला त्याने जोरात साथ दिली, इटालियन कवी डान्टेने आपल्या काव्यात त्याला स्वर्गात जागा दिली तरी मला हे माफ करता येत नाही. पण बिशप असताना कुणी त्याचं तरुणपणीचं गाणं म्हटलं की तो त्या दिवशी फक्त पाव आणि पाणी घ्यायचा असं सांगतात, आणि ते आठवलं की त्याच्याबद्दल वाईटही वाटतं.

गावात रेल्वे नाही, गाडी भाड्याने घ्या. आणि शक्यतो सकाळीच जा, गर्दी असली की तो आवाज नीट ऐकू येत नाही.