लेबलाखालचं लेबल

माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी कोड आहे. हे आधीच सांगते, कारण त्याशिवाय माझ्यासारख्या सावळ्या बाईने टॅनिंगचा स्प्रे विकत का घेतला, हे कुणाला कळणार नाही. इंग्लंडमध्ये गोऱ्या मुली अंग तांबूस दिसावं म्हणून हा स्प्रे नाकात मारतात. मी तो डाग भरून येतील या आशेने मारला. १४० पौंड गेले, तीन आठवडे तब्येत बिघडली, आणि नंतर एका तिळासाठी जी वाट बघावी लागली ती अजून विसरता येत नाही. इथल्या मराठी घरांमध्ये हा स्प्रे कोडावरचा उपाय म्हणून हातोहात फिरतोय असं कानावर आलं, म्हणून लिहिते आहे.

२०२२ चा उन्हाळा. डिसेंबरमध्ये साताऱ्याला नणंदेचं लग्न ठरलेलं. मेंदी डागावर वेगळीच दिसते, केशरी, भडक, हे ज्यांच्या हातावर कोड आहे त्यांना सांगायला नको. घरात टोचून कुणी बोलत नव्हतं. सासूबाई फोनवर एवढंच विचारायच्या, "औषध चालू आहे ना गं?" त्यांच्या विचारण्यात काळजीच होती, पण फोन ठेवल्यावर मी हाताकडे बघत बसायचे.

आमच्या मराठी मंडळात एक बाई आहेत, घरीच पार्लर चालवतात. सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही म्हणायचे. गणपतीत मोदकांची जबाबदारी त्यांच्याकडे, कुणी आजारी पडलं तर डबा घेऊन जाणार. अशा माणसाकडून काही घेताना आपण कागदपत्रं मागत नाही. त्या मला म्हणाल्या, "ताई, वरून क्रीम लावून किती दिवस झाकणार? हे आतून रंग आणतं. माझ्याकडच्या इंग्लिश मुली दर महिन्याला नेतात. आणि तुमच्या कोडासाठी तर याच्यावर संशोधन झालंय." त्यांनी मोबाइलवर बातमी दाखवली. बातमी खोटी नव्हती, म्हणूनच मी फसले. फक्त ती वेगळ्याच औषधाची होती.

वहिनींच्या बाटलीतल्या पदार्थाचं नाव मेलॅनोटॅन-२. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना 'रंग तयार करा' असा निरोप देणारं एक संप्रेरक आपल्या शरीरात असतं. त्याची ही कृत्रिम नक्कल, अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात तयार झालेली. बातमीतलं औषध म्हणजे त्याचं भावंड, ॲफामेलॅनोटाइड. त्याला युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली, पण ती उन्हाने अंगाची आग होणाऱ्या एका दुर्मीळ आजारासाठी. तांदळाच्या दाण्यासारखी बारीक कांडी प्रशिक्षित डॉक्टर कातडीखाली बसवतात. कोडावर त्याचा अभ्यास झाला तो अतिनील किरणांच्या उपचाराबरोबर, रुग्णांवर देखरेख ठेवून. नाकात मारायच्या बाटलीशी त्याचा काही संबंध नाही. मेलॅनोटॅन-२ ला ब्रिटनमध्ये औषध म्हणून परवानाच नाही, आणि इथली औषध नियंत्रण संस्था, एमएचआरए, २००८ पासून त्याबद्दल लोकांना सावध करत आली आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचायला दहा मिनिटं लागली असती.

चार बाटल्या, एकीचे ३५ पौंड. वहिनींनी पैसे थेट बँक खात्यात मागितले, "आपल्यात कशाला कार्डबिर्ड" म्हणाल्या. माल त्यांच्या पुरवठादाराकडून पोस्टाने यायचा होता.

तो आला १९ जुलैला. इंग्लंडमध्ये त्या वर्षी राहणाऱ्यांना ती तारीख आठवत असेल. लिंकनशायरमध्ये कॉनिंग्जबीला पारा ४०.३ अंशांवर गेला होता, ब्रिटनच्या नोंदींत पहिल्यांदाच चाळिशी ओलांडून. आमच्या दाराच्या काचेतून ऊन थेट पायपुसण्यावर पडतं आणि पाकीट सकाळपासून तिथेच पडलेलं. संध्याकाळी उचललं तेव्हा बाटल्या हाताला कोमट लागल्या. आत बर्फाची पिशवी नाही, जाड पुठ्ठा नाही, साधं बुडबुड्यांचं पाकीट.

माझी आई वीस वर्षं इन्सुलिन घेते. लोडशेडिंगच्या दिवसांत बाबा कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचे. कुपी उघडली की आई तिच्यावर बॉलपेनने तारीख लिहिते आणि २८ दिवस झाले की आत औषध उरलेलं असलं तरी टाकून देते. अशा घरात वाढलेल्या मला ती कोमट बाटली हातात घेताच थांबायला हवं होतं. मी वहिनींना फोन केला, तो मात्र केला.

"अहो, हे गरम झालंय. चालेल ना?"

"काही होत नाही ताई. फ्रिजमध्ये टाका, पुन्हा ताजं होतं. दोन वर्षांची मुदत आहे, बाटलीवरच लिहिलंय."

बाटलीवर खरंच लिहिलं होतं, ०६/२०२४. शेजारी उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात '१२ एम'. मी निश्चिंत झाले.

या दोन खुणांबद्दल नीट सांगते, कारण फसवणूक इथेच आहे. उघड्या डबीचं ते चित्र सौंदर्यप्रसाधनांवर असतं. क्रीम, शाम्पू उघडल्यावर किती महिने वापरायचं, ते त्यातून कळतं. पण कायद्याच्या व्याख्येत प्रसाधन म्हणजे शरीराच्या बाहेरच्या भागावर, फार तर दातांवर आणि तोंडाच्या आतल्या त्वचेवर वापरायची वस्तू. नाकाची आतली त्वचा त्या व्याख्येत येतच नाही. म्हणजे ज्या वस्तूवर ते चित्र कधी असूच शकत नाही, तिच्यावर ते छापलेलं होतं, बघणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून. आणि खऱ्या औषधाच्या खोक्यावर इथे 'पीएल' अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, बॅच नंबर असतो, आत घडी घातलेलं माहितीपत्रक असतं. आपल्याकडच्या गोळ्यांच्या पाकिटावरही उत्पादन परवान्याचा नंबर असतोच की. माझ्या बाटल्यांवर यातलं काही नव्हतं. ताडाच्या झाडाचं चित्र मात्र होतं.

मी बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, मागच्या भिंतीला टेकवून. आमच्या फ्रिजचा तो कोपरा इतका गार आहे की कोथिंबीरसुद्धा काळी पडते. दोन दिवसांनी एका बाटलीत बर्फाचे कण दिसले. पुन्हा फोन. "गोठलं तर उलट जास्त टिकतं," वहिनी म्हणाल्या. गोठलेलं इन्सुलिन आई थेट फेकून देते, हेही मला माहीत होतं. तरी मी बाटली बाहेर काढली, वितळू दिली आणि त्या रात्री नाकात दोन फवारे मारले.

अर्ध्या तासात चेहरा तापला, पोटात ढवळून आलं. वहिनी म्हणाल्या, औषध लागू पडतंय. तीन आठवडे मी रोज रात्री मारत राहिले. जेवण जाईना. पंधरा दिवसांनी रंग आला खरा, पण जिथे रंग होता तिथेच. हात, मान, गाल चांगलेच काळवंडले आणि बोटांवरचे डाग होते तसेच पांढरे राहिले. आधी लांबून लक्षात न येणारे डाग आता पलीकडच्या खोलीतून दिसायला लागले. नंतर त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं तेव्हा कारण कळलं. कोडाच्या डागात रंग बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. ज्यांना निरोप द्यायचा त्याच तिथे नाहीत. आजूबाजूच्या पेशींनी तो ऐकला आणि त्या कामाला लागल्या.

एवढं होऊनही मी स्प्रे बंद केला नव्हता. बंद झाला तो लेबलामुळे.

बाटली रोज फ्रिजमधून बाहेर यायची, तिच्यावर दव धरायचं, पुन्हा आत जायची. तसं होऊन होऊन तिसऱ्या बाटलीवरचा कागद कोपऱ्यातून सुटला. मी तो दाबून बसवायला गेले तर खाली दुसरा कागद. तेच ताडाचं झाड, तोच रंग, तारीख ११/२०२१. उरलेल्या बाटल्यांची लेबलं गरम पाण्यात भिजवून काढली. चौथीच्या खालीही ११/२०२१. पहिलीच्या खाली काही नव्हतं, नुसता गोंद. दुसरीवर एकच लेबल होतं आणि तिच्या तळाशी पिवळट गाळ बसला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार बाटल्या मांडून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यातल्या अडीच माझ्या नाकात गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळं पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेले. तिथल्या फार्मासिस्ट बाई मला ओळखतात. त्यांनी वरची तारीख बघितली, खालची बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, यातली एकही तारीख खरी नाही. मला वाटलं, खालची तरी खरी असेल. मग त्यांनी जे सांगितलं, त्याने माझी समजूतच बदलली.

औषधाची मुदत कुणी मनाने लिहीत नाही. कंपनी त्याच औषधाचे, त्याच बाटलीतले नमुने ठरावीक हवेत ठेवते, २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता, आणि महिनोन्‌महिने ते काढून तपासत राहते. आणखी काही नमुने ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवते, उष्णतेत काय होतं ते बघायला. फ्रिजमध्ये ठेवायच्या औषधांची मोजणी २ ते ८ अंशांवर होते. औषध किती उरलं, त्याचं विघटन होऊन काय तयार झालं, जंतू शिरले का, हे सगळं तपासल्यावर तारीख ठरते. माझ्या बाटलीतल्या पाण्याची अशी तपासणी कुणी कधी केलेली नाही. आत किती पदार्थ होता, पाणी निर्जंतुक होतं का, कुणालाच ठाऊक नाही. मेलॅनोटॅनसारखे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण छोट्या साखळ्या, कोरड्या भुकटीत बरेच टिकतात, पण पाण्यात विरघळले की त्यांची मोडतोड सुरू होते, उष्णतेने ती वाढते, आणि एकदा मोडलेलं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा जुळत नाही. अशी भुकटी विरघळवायच्या परवानाधारक जंतुरोधक पाण्याची कुपीसुद्धा सुई टोचल्यापासून साधारण २८ दिवसांत टाकतात. इथे तर प्रत्येक फवाऱ्याला बाटलीचं तोंड नाकाला लागतं.

मी त्यांना विचारलं, नवीन बाटली आणून पहिल्यापासून नीट फ्रिजमध्ये ठेवली असती तर? त्या म्हणाल्या, जिची मुदत कुणी मोजलीच नाही, ती नीट ठेवली म्हणजे नक्की काय केलं?

माझ्या डाव्या दंडावर लहानपणापासून एक तीळ आहे. तो काळा झाला होता आणि एका बाजूने पसरल्यासारखा दिसत होता. फार्मासिस्ट बाईंनीच तो बघितला आणि त्याच दिवशी जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, जायला लावलं. मेलॅनोटॅनने तीळ काळे पडतात, नवे येतात, आणि वापरणाऱ्यांमध्ये त्वचेचा कर्करोग सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, हे मला डॉक्टरांकडून कळलं. कर्करोगाचा संशय असलेल्यांना दोन आठवड्यांत तज्ज्ञांना दाखवायची इथे तेव्हा सोय होती, त्या रांगेत माझं नाव लागलं. तीळ काढला, तपासायला गेला. अहवाल यायला तीन आठवडे लागले. तो साधा निघाला. त्या तीन आठवड्यांत मी नवऱ्याशी लग्नाच्या खरेदीबद्दल बोलत होते आणि रात्री मुलाच्या खोलीत जमिनीवर झोपत होते.

वहिनींकडे मी लेबलं घेऊन गेले होते. त्या आधी म्हणाल्या पुरवठादाराची चूक, मग म्हणाल्या मी भिजवून खराब केलं, शेवटी म्हणाल्या, "मंडळात बोलू नका, माझं घर यावर चालतं." पैसे परत मिळाले नाहीत. क्रेडिट कार्डावर १०० पौंडांहून जास्त किमतीची एखादी वस्तू घेतली तर कायद्याने बँकेकडे दावा करता येतो. मी पैसे माझ्या हातांनी खात्यात पाठवले होते, बँकेने हात वर केले. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन केला, त्यांनी तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, दिली. एमएचआरएच्या 'यलो कार्ड'वर, म्हणजे औषधांचे दुष्परिणाम कळवायच्या अर्जावर, मी स्वतः सगळं भरलं: मळमळ, चेहरा तापणं, तीळ, तारखा. ते कुणालाही भरता येतं, डॉक्टर लागत नाहीत, आणि परवाना नसलेल्या वस्तूंबद्दलही भरता येतं.

मंडळात मी बोलले. काही जणींनी माझ्याशी बोलणं कमी केलं. दोघी मात्र घरी आल्या, पर्समधून त्याच बाटल्या काढून दाखवायला. एकीची मुलगी १६ वर्षांची आहे.

तुमच्याकडे अशी बाटली असेल तर आज लेबलाचा कोपरा नखाने उचलून बघा. खाली काही निघालं नाही तरी ती नाकात मारू नका. तिचा फोटो काढून ठेवा, पैसे दिल्याचा पुरावा जपा, आणि बाटली कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये न टाकता फार्मसीत नेऊन द्या, ते नष्ट करायला घेतात. फवारे मारून झाले असतील तर अंगावरचे तीळ कुणाकडून तरी नीट बघून घ्या, पाठीवरचेसुद्धा, आणि एखादा बदललेला वाटला तर लाजू नका, जीपीला स्प्रेचं नाव स्पष्ट सांगा. मी पहिल्या भेटीत ते सांगितलं नव्हतं. ती अपॉइंटमेंट वाया गेली.