ऑक्सिजन सेन्सर: प्लगवाला की वायर जोडायचा?

गाडी बारा वर्षांची, पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त, डॅशवर चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरने कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीच्या ऑक्सिजन सेन्सरचा कोड दाखवला, तर पुण्याच्या नाना पेठेत दोन पर्याय मिळतात: गाडीच्याच मापाचा प्लगवाला, किंवा बराच स्वस्त, चार सुट्या वायरींचा युनिव्हर्सल.

युनिव्हर्सलला जुना प्लग कापून जोडावा लागतो. दोन पांढऱ्या वायरी बहुधा हीटरच्या, काळी सिग्नलची. गोम पुढे आहे. बरेच सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच घेतात. सोल्डर ओतलंत की श्वास कोंडला! क्रिंप करायचं, म्हणजे जोड पक्कडीने दाबून घ्यायचा; वर हीट-श्रिंक, गरम केल्यावर आवळणारी नळी. मी पहिल्यांदा हौसेने सोल्डरच केलं होतं. पंधरवड्यात दिवा परत.

प्लगवाला? खट्कन बसतो, संपलं.

खोलायचं काम दोन्हीकडे सारखंच: इंजिन कोमट, आदल्या रात्री गंजतेल, २२ मिमीचा खाचवाला सॉकेट. अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला नाही.

बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर सीओची मर्यादा ०.३ टक्के. तेवढ्यासाठी मी प्लगवालाच घेईन. युनिव्हर्सल फक्त जुना प्लग धड असेल आणि क्रिंपर घरात असेल तरच.