पॉलिप काढल्यानंतरचे चौदा दिवस

बाबांची ही दुसरी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. पहिली चार वर्षांपूर्वी, वेगळ्या ठिकाणी झाली होती. तेव्हा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवरची वाढ, काढून संध्याकाळी घरी सोडलं, हातात फक्त गोळ्यांची यादी. सहाव्या दिवशी पहाटे शौचाला लालभडक रक्त गेलं. बाबा भिंतीला धरून उभे, आणि इतक्या दिवसांनीही असं होऊ शकतं हे आम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून या एंडोस्कोपी विभागात मी एकच गोष्ट बघत होते: पेशंट घरी गेल्यावर हे लोक काय करतात?

त्यांची काळजी खरं तर आधीच सुरू झाली. बाबांना जुना स्टेंट आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन चालू असतं. इथल्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांशी स्वतः बोलून क्लोपिडोग्रेल सात दिवस आधी थांबवलं, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवलं. गोळी पुन्हा कधी सुरू करायची, ती तारीख कागदावर ठळक लिहिली.

दोन पॉलिप निघाले. 6 मिलिमीटरचा करंट न देता नुसत्या तारेच्या फासाने कापला. दुसरा 25 मिलिमीटरचा, पसरट, उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात. तिथली भिंत पातळ, म्हणून खाली निळसर पाणी टोचून तो उचलला, तुकड्यातुकड्यांनी काढला आणि धातूच्या चार छोट्या क्लिपा लावून जखमेच्या कडा जुळवल्या. डॉक्टरांनी फोटो दाखवत सांगितलं, करंटने भाजलेल्या जागेची खपली काही दिवसांनी सुटते, रक्त तेव्हा येतं. उजवीकडच्या मोठ्या पॉलिपला क्लिपा लावल्या तर तो धोका कमी होतो, डावीकडे तसा फायदा दिसलेला नाही. चार वर्षं छळणारा प्रश्न तिथे, उभ्या उभ्या सुटला.

घरी जाताना मिळालेला कागद अजून फ्रिजवर आहे. चौदा दिवस जड उचलायचं नाही, लांबचा प्रवास नाही, विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन नाही. ताप, वाढती पोटदुखी, कडक झालेलं पोट, चक्कर किंवा जास्त रक्त, तर लगेच यायचं. दुसऱ्या रात्री बाबांच्या उजव्या कुशीत दुखू लागलं. साडेअकराला फोन पहिल्याच रिंगला उचलला. ताप नव्हता, पोट मऊ होतं. तरी सकाळी बोलावून पोट आणि रक्त दोन्ही तपासलं. सगळं ठीक निघालं. तिसऱ्या आणि आठव्या दिवशी सिस्टरांनी आपणहून चौकशी केली. रक्त एकदाही आलं नाही.

तक्रार आहे ती क्लिपांची. त्या कागदावर त्यांचा उल्लेखच नव्हता. बाबांच्या गुडघ्याचा एमआरआय नवव्या दिवशी ठरलेला होता. मला आठवलं म्हणून फोन केला. तेव्हा त्यांनी क्लिपांचा प्रकार तपासून तारीख पुढे ढकलायला सांगितली. क्लिपा आपोआप गळून पडतात, पण कधी ते ठरलेलं नसतं. हे छापलेलं हवं, एवढं मी त्यांना लेखी कळवलं आहे.

पॉलिप तुकड्यांत काढल्यामुळे सहा महिन्यांनी ती जागा पुन्हा बघायची आहे. बाबांनी इथलीच तारीख घेतली.