दंडावरचा सेन्सर: सात महिन्यांनंतर

बारा वर्षं टाइप टू मधुमेह, त्यातली शेवटची पाच इन्सुलिनवर. सकाळ-संध्याकाळ ३०/७० मिक्स, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणारं इन्सुलिन एकत्र. एचबीएवनसी ७.४, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी साधारण १६६. इतक्या वर्षांच्या मानाने बरं चाललंय असं मी धरून चालले होते. जूनमध्ये मुलाने हट्टाने सेन्सर आणला, दंडाला चिकटवून दिवसरात्र साखर मोजणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिटने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि डबीसारखं यंत्र ठेवून दाबायचं. खट्ट आवाज येतो. साखर तपासायला बोटाला लॅन्सेटची सुई टोचतो त्यापेक्षाही कमी दुखलं. कातडीखाली केसासारखी बारीक तार राहते. पहिला तास आकडा येत नाही, मग चौदा दिवस मोबाइल जवळ नेला की दिसतो. माझ्या मॉडेलमध्ये आठच तासांची नोंद साठते. रात्री नऊला बघून झोपलं आणि सकाळी सातला मोबाइल लावला, तर मधले दोन तास गायब. अलार्मही नाही.

पाचव्या रात्री तीनला जाग आली, मानेखालची उशी ओली. हे वर्षभर चालूच होतं. चिपळूणचा उकाडा आणि माझं वय, दोन्हीला दोष देऊन मी पंखा वाढवून झोपायचे. त्या रात्री सहज मोबाइल दंडाला लावला: ५८, बाजूला खाली जाणारा बाण. उठून बोट टोचून ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपवर पाहिलं तर ६१. म्हणजे घाम उकाड्याचा नव्हता, साखर फार खाली उतरल्याचा होता. पुढच्या दहा रात्रींत आणखी तीनदा तेच. दुपारी जेवल्यावर अडीचशे आणि पहाटे साठ, यांची सरासरी छानच येणार की! डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि रात्रीचा डोस कमी केला, जेवणाबरोबरच्या गोळीत बदल केला. (डोस आपल्या मनाने हलवू नका, मीही हलवला नाही.) रात्रीचा घाम थांबला. माझ्यापुरते सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

पण त्याच काळात एक चूकही केली. साखर उतरली म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायले आणि दर दोन मिनिटांनी मोबाइल लावत बसले. आकडा हलेना. घाबरून दोन केळी खाल्ली, वर बिस्किटं. तासाभराने २४०. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो, आणि तिथे बदल पाच-दहा मिनिटं उशिरा पोचतो. म्हणून अशा वेळी पंधरा मिनिटं थांबायचं आणि स्ट्रिपनेच बघायचं. ग्लुकोमीटर माळ्यावर टाकू नका. डाव्या कुशीवर झोपले की सेन्सर दाबला जाऊन ६५ दाखवायचा, बोटातलं रक्त मात्र ११०. अशा खोट्या आकड्याला भिऊन एकदा मध्यरात्री लाडू खाल्लाय मी.

खाण्याचं म्हणाल तर उपासाची साबुदाणा खिचडी माझी वैरीण निघाली, २६८. घावन-चटणीही फार मागे नाही. तोच भात, पण आधी भाजी, आमटी आणि मग भात घेतला, तर उडी बरीच कमी. जेवून वीस मिनिटं अंगणात फिरले तर आणखी कमी. गणपतीत दोन उकडीचे मोदक खाल्ले. तासाने आकडा बरा दिसला म्हणून खूश झाले, तर खोबरं-तुपामुळे खरी चढण अडीच तासांनी. हे माझ्या शरीराचं झालं, तुमचं वेगळं असू शकतं.

आता तक्रारी. कोकणातल्या दमट हवेत चिकटपट्टी टिकत नाही. दुसरा सेन्सर नवव्या दिवशी घट्ट ब्लाउजच्या बाहीत अडकून निघाला, चौथा दाराच्या चौकटीला लागून. वरून मेडिकल टेप लावायला लागल्यापासून बरं आहे, आणि शिंप्याकडून तीन ब्लाउजच्या बाह्या सैल करून घेतल्या. कस्टमर केअरने एकच बदलून दिला, तोही चार फोन आणि फोटो पाठवल्यावर. एक सेन्सर मला पाच हजारांच्या आसपास पडला, म्हणजे सलग लावायचा तर महिन्याला दहा हजार. मेडिक्लेममधून एक रुपया मिळाला नाही.

घरच्यांचं एक वेगळंच. मुलगा पुण्याहून आकडे बघायचा आणि मी पंगतीत बसलेली असतानाच फोन, "आई, काय खाल्लंस?" यांनीही चहाच्या आधी "किती आहे गं?" विचारायला सुरुवात केली. शेवटी मुलाचं शेअरिंग बंद केलं. ह्यांचं कसं बंद करायचं ते ॲपमध्ये नाही.

पहिले तीन सेन्सर सलग लावले, नंतर डोस बदलला किंवा काही वेगळं वाटलं तरच. टाइप वनच्या लेकरांना किंवा दिवसाला चार इंजेक्शनं घेणाऱ्यांना तो कायम लागेल, मला नाही. सध्या दंड मोकळा आहे. पुढचा सेन्सर मे महिन्यासाठी ठरवलाय. हापूसच्या दोन फोडी चालतात असं मी गेली बारा वर्षं म्हणत आलेय, ते एकदा तपासायचंय.