सेकंडहँड सी-७००० आणि फ्लेक्स-१०/१०डी: अपलिंक जोडून वेग खरंच किती वाढतो?

मोठ्या डेटा सेंटरमधून निघालेलं एचपीचं सी-७००० ब्लेड चेसिस (ब्लेड म्हणजे पातळ सर्व्हर एकत्र बसवायची पेटी) आता छोट्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या लॅबच्याही आवाक्यात आलं आहे. १० यू उंचीत अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड, मागे नेटवर्क मॉड्यूलसाठी ८ खण म्हणजे इंटरकनेक्ट बे, आणि त्यात बहुतेक वेळा व्हर्च्युअल कनेक्ट फ्लेक्स-१०/१०डी या मॉड्यूलची जोडी बसवलेली असते. प्रत्येक मॉड्यूलला बाहेर १० गिगाबिटचे १० एसएफपी प्लस पोर्ट. "दोन मॉड्यूल म्हणजे २०० गिगाबिट," असं विकणारा सांगतो. हिशोब चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. इथे परीक्षण फक्त या मॉड्यूलच्या अपलिंक, म्हणजे वरच्या स्विचकडे जाणाऱ्या तारा, जोडण्याचं आहे. ब्लेड कसे आहेत, हा वेगळा विषय.

निकाल आधीच सांगतो. एका मॉड्यूलच्या आत चार-आठ तारांचा एक गठ्ठा करायचा असेल, तर मॉड्यूल चोख आहे. दोन मॉड्यूलवरच्या तारा मिळून मात्र एक गठ्ठा होत नाही. चेसिसमध्ये ही जोडी कितीही शेजारी बसलेली असली, आतून क्रॉस लिंकने जोडलेली असली, तरी एलएसीपीच्या (अनेक तारांचा एक गठ्ठा करणाऱ्या प्रोटोकॉलच्या) दृष्टीने ती दोन वेगळी घरं आहेत. वेग मिळत नाही अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

घडतं ते असं. व्हर्च्युअल कनेक्ट मॅनेजरमध्ये एकच शेअर्ड अपलिंक सेट बनवला, त्यात बे १ मधले चार आणि बे २ मधले चार पोर्ट टाकले. आठही दिवे लागतात. पण पोर्टची स्थिती उघडून पाहिली की चार पोर्ट 'लिंक्ड-ॲक्टिव्ह' आणि चार 'लिंक्ड-स्टँडबाय' दिसतात. म्हणजे ८० नाही, ४० गिगाबिट. उरलेल्या चार तारा पहिला गठ्ठा पडण्याची वाट बघत बसतात. शिवाय बे २ ला जोडलेल्या ब्लेडच्या पोर्टची सगळी रहदारी क्रॉस लिंकवरून बे १ मध्ये जाऊन तिथून बाहेर पडते. कुठेही एरर नाही, लाल दिवा नाही. त्यामुळे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय म्हणजे दोन अपलिंक सेट: एक फक्त बे १ च्या पोर्टचा, दुसरा फक्त बे २ च्या. प्रत्येक व्हीलॅनसाठी (त्याच तारांवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कसाठी) दोन नेटवर्क बनवायची, उदाहरणार्थ 'व्हीलॅन-२०-ए' आणि 'व्हीलॅन-२०-बी'. सर्व्हर प्रोफाइलमध्ये ब्लेडचा पहिला पोर्ट 'ए'ला आणि दुसरा 'बी'ला. आता आठही तारा चालत्या राहतात. व्हीलॅन ३० असतील तर ६० नेटवर्क बनवावी लागतात, हे खरं. पण ते काम एकदाच करायचं, आणि कमांडची फाइल तयार ठेवली तर पाच मिनिटांचं आहे.

दोन्ही बाजूंच्या प्रत्येक नेटवर्कवर स्मार्टलिंक चालू केलंच पाहिजे. मॉड्यूलचे सगळे अपलिंक पडले, तरी ब्लेडचा त्या मॉड्यूलशी असलेला पोर्ट चालूच दिसतो. ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं सगळं ठीक आहे, आणि पॅकेट मॉड्यूलपर्यंत जाऊन तिथेच मरतात. स्मार्टलिंक अशा वेळी ब्लेडकडचा पोर्टही खाली आणतं, मग टीमिंग (ब्लेडचे दोन पोर्ट जोडीने वापरणारी सोय) दुसऱ्या बाजूला सरकतं. पण ते नेटवर्कचे सगळे अपलिंक गेल्यावरच जागं होतं. चारातले तीन गेले तरी गप्प राहतं आणि १० गिगाबिटवर ती अख्खी बाजू रांगत राहते. म्हणून वरच्या स्विचवर गठ्ठ्याच्या सदस्यांवर नजर ठेवणारा अलर्ट वेगळा लावावा.

वरच्या स्विचची बाजूही तितकीच महत्त्वाची. व्हर्च्युअल कनेक्टला फक्त एलएसीपी कळतं, स्थिर इथरचॅनल कळत नाही. सिस्कोवर 'चॅनल-ग्रुप १० मोड ॲक्टिव्ह' लिहायचं. सवयीने 'मोड ऑन' लिहिलं, तर स्विच चारही तारांवर पॅकेट टाकतो आणि मॉड्यूल त्यातल्या एकाच तारेवर ऐकतं. लक्षण अगदी ठरलेलं: काही आयपी पिंग होतात, काही होत नाहीत, आणि कोणते ते हॅशवर (कोणतं पॅकेट कोणत्या तारेने जाईल हे पत्त्यावरून ठरवणाऱ्या हिशोबावर) ठरतं. लोक फायरवॉल तपासत बसतात. दुसरं म्हणजे व्हर्च्युअल कनेक्ट स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधली वर्तुळं तोडणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) भाग घेत नाही, स्विचला ते सर्व्हरसारखंच दिसतं. म्हणून पोर्ट-चॅनलवर (स्विचकडच्या गठ्ठ्यावर) पोर्ट लगेच चालू करणारं पोर्टफास्ट ट्रंक लावा, नाहीतर लिंक परत आल्यावर ३० सेकंदांची शांतता ठरलेली.

वर दोन स्विच असतील तर ते एकमेकांशी कसे बांधले आहेत ते आधी पाहा. व्हीपीसी, स्टॅक किंवा आयआरएफमुळे ते बाहेरून एकच स्विच दिसत असतील, तर एका मॉड्यूलच्या दोन तारा एकाला आणि दोन दुसऱ्याला देता येतात. गठ्ठा एकच राहतो. दोन स्विच स्वतंत्र असतील तर हीच वायरिंग दोन गठ्ठे पाडते, आणि त्यातला एक पुन्हा स्टँडबाय. तिथे बे १ च्या सगळ्या तारा पहिल्या स्विचला आणि बे २ च्या सगळ्या दुसऱ्याला जाव्यात.

तारा किती? चार किंवा आठ. सिस्कोचा कॅटॅलिस्ट स्विच हॅशचे ८ भाग करून ते तारांमध्ये वाटतो. चार तारांना प्रत्येकी २ येतात. तीन तारांना ३-३-२ आणि सहा तारांना २-२-१-१-१-१ असे येतात. म्हणजे सहा तारा घेऊन दोन तारांवर दुप्पट भार. अनेक कॅटॅलिस्टवर हॅश मुळात फक्त सोर्स मॅकवर (पाठवणाऱ्याच्या हार्डवेअर पत्त्यावर) चालतो. गेटवे (बाहेरची रहदारी आणणारा राउटर) वेगळ्या डब्यात असेल तर बाहेरून ब्लेडकडे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा सोर्स मॅक गेटवेचाच, त्यामुळे सगळा भार एकाच तारेवर. 'पोर्ट-चॅनल लोड-बॅलन्स एसआरसी-डीएसटी-आयपी' ही एक ओळ पुष्कळदा दोन नव्या तारांपेक्षा जास्त काम करते.

भाराचं गणित सोपं आहे. १६ ब्लेडचे १० गिगाबिटचे पोर्ट म्हणजे एका मॉड्यूलखाली १६० गिगाबिट. चार अपलिंकला ४:१, आठला २:१. साध्या व्हर्च्युअल मशीनसाठी ४:१ पुरतं. बॅकअप आणि एनएएस (नेटवर्कवरचं स्टोरेज) याच तारांवर असतील तर आठ घ्या.

ब्लेडच्या बाजूने एलएसीपी नाही, हे अनेकांना पटत नाही. फ्लेक्स-१० एका १० गिगाबिट पोर्टचे चार फ्लेक्सनिक (आभासी नेटवर्क कार्डं) पाडतं, १०० मेगाबिटच्या टप्प्यांनी, पण त्यांच्यावर ८०२.३एडी, म्हणजे एलएसीपी, चालत नाही. लिनक्समध्ये बाँडिंग मोड ४ (तोही एलएसीपीच) लावू नका. मोड १ किंवा ५ लावा. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर 'आयपी हॅश' नको, 'ओरिजिनेटिंग व्हर्च्युअल पोर्ट' ठेवा. विंडोजवर 'स्विच इंडिपेंडंट'.

या मांडणीत एक छुपा खर्चही आहे. दोन ब्लेड एकमेकांशी बोलताना एक 'ए' बाजूने आणि दुसरा 'बी' बाजूने बोलत असेल, तर पॅकेट चेसिसच्या आतून जात नाही. ते वरच्या स्विचपर्यंत चढून परत उतरतं आणि अपलिंक खातं. व्हीमोशनसारखी (चालू व्हर्च्युअल मशीन एका ब्लेडवरून दुसऱ्यावर हलवण्याची) जड रहदारी असेल तर सगळ्या ब्लेडवर तिची चालू बाजू एकच ठेवा, दुसरी राखीव. मग ती मॉड्यूलच्या आतच फिरते.

तपासणी वेग मोजणाऱ्या आयपर्फ-३ ने करा, पण एका धाग्याने नाही. एका कनेक्शनला कायम एकच तार मिळते, म्हणून ९.४ गिगाबिटच्या आसपास अडकणं हा दोष नाही. '-पी ८' (मोठ्या लिपीतला पी, म्हणजे आठ समांतर कनेक्शन) द्या, आणि एकाच ब्लेडवर नव्हे तर तीन-चार ब्लेडवर एकदम चालवा. ३.१६ च्या आधीची आवृत्ती सगळी कनेक्शन एकाच सीपीयू कोअरवर चालवते, तिथे तारेआधी कोअर दमतो. एकच मोठी बॅकअप फाइल एकाच कनेक्शनने भरभर जावी म्हणून हे सगळं करणार असाल, तर करू नका. हवा तो वेग यातून मिळणार नाही.

खरेदी करताना काही गोष्टी पाहाव्यात. मॉड्यूलच्या टॅगवर मूळ पासवर्ड छापलेला असतो. टॅग गायब असेल तर आतल्या डीआयपी स्विचने रीसेट करावं लागतं. जुन्या फर्मवेअरची वेब स्क्रीन फ्लॅशवर चालते आणि फ्लॅश २०२० अखेर बंद झालं, त्यामुळे एसएसएचने (कमांड लाइनवरून) आत जायची तयारी ठेवा. 'शो अपलिंकपोर्ट'मध्ये सगळं दिसतं. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एलसी पॅच कॉर्ड घेताना तिच्यावर ओएम३ (फायबरचा प्रकार) छापलेलं वाचून घ्या. एसआर मॉड्यूलसह ती ३०० मीटर जाते, रॅकमध्ये त्याच्या शतांशाचीही गरज नसते. डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तांब्याची तार) घेताना ती कोणत्या ब्रँडसाठी कोड केली आहे ते विचारा, नाहीतर पोर्टवर 'अनसर्टिफाइड' येऊन बसतं. गठ्ठ्यातल्या सगळ्या तारांचा वेग सारखा हवा. १ गिगाबिटचं एक जुनं एसएफपी मॉड्यूल घुसलं तर त्याची तार बाहेरच राहते.

आणि आपल्या शहराचा, नागपूरचा, मुद्दा. भरलेलं चेसिस २०० किलोच्या वर जातं, त्यामुळे लिफ्टची क्षमता आधी बघा. त्याला हवा ३५ अंशांच्या आत लागते. नवतपात बाहेर ४५ असताना सर्व्हर रूममध्ये डेझर्ट कूलर लावायचा मोह टाळा. तो ओलावा आत सोडतो. दोन स्वतंत्र एसी, आणि सहा पॉवर सप्लायपैकी तीन एका यूपीएसवर, तीन दुसऱ्यावर.

पर्यायांबद्दल थोडक्यात. डेलच्या एम-१००० ई मधला आयओ ॲग्रिगेटर मुळातच सगळे अपलिंक १२८ क्रमांकाच्या एका गठ्ठ्यात टाकतो. वर एलएसीपी लावलं की झालं, पण न लावल्यास काहीच चालत नाही. सिस्को यूसीएस ५१०८ मध्ये जोडणीची पद्धत पोर्ट-चॅनल निवडून चेसिस पुन्हा ॲकनॉलेज करावं लागतं, आणि तेवढा वेळ रहदारी तुटते. छोट्या लॅबला डेलचं सोपं. व्हीलॅन भरपूर, ब्लेड बदलत राहणार आणि प्रोफाइलची सोय हवी, तर फ्लेक्स-१०/१०डी. बे १ आणि बे २ मधली दोन्ही मॉड्यूल एकाच प्रकारची आणि एकाच फर्मवेअरची आहेत ना, एवढं पैसे देण्याआधी चेसिस चालू करून पाहून घ्या.