वय न सांगणारी लाफ्रॉइग क्वार्टर कास्क

व्हिस्कीच्या बाटलीवर वर्षांचा आकडा नसला की आपल्याकडे लगेच शंका घेतली जाते. बीडच्या आमच्या बैठकीत लाफ्रॉइग क्वार्टर कास्क उघडली, तेव्हाही पहिली शंका तीच आली. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी व्हिस्की ओकच्या पिंपात किमान 3 वर्षे मुरावी लागते, आणि आकडा छापायचाच झाला तर तो बाटलीतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा छापावा लागतो, म्हणून कोवळी आणि जुनी व्हिस्की एकत्र करणारे बरेच उत्पादक तो टाळतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची ही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, आधी बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या आणि नंतर सुमारे 125 लिटरच्या लहान पिंपांत मुरते, जिथे तिला लाकडाचा सहवास प्रमाणाने अधिक मिळतो.

निमुळत्या तोंडाच्या ग्लासात ती दहा मिनिटे तशीच ठेवली. पहिला वास जखमेवर लावायच्या आयोडीनचा आला आणि त्यामागून पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर, जो मला थेट हुरड्याच्या आगटीपाशी घेऊन गेला; फरक एवढाच, की इथे गोवरीऐवजी समुद्राची खारट ओल आहे. अल्कोहोल 48 टक्के असल्याने पहिला घोट जिभेला चटका देतो, परंतु चमचाभर पाणी घालताच काकवीसारखा गडद गोडवा आणि व्हॅनिला वर येतो. एका मित्राने बर्फ आणि सोडा ओतला. त्याच्या वाट्याला फक्त धूर आला.

वय छापलेल्या अनेक बाटल्यांपेक्षा मी हिला वर ठेवीन, मात्र पहिल्यांदाच सिंगल माल्ट चाखणाऱ्यापुढे ती ठेवणार नाही.